कोळशाची शेगडी अर्ध्यावर मान टाकते, तेव्हा

पाऊस सुरू झाला की कोळशाची शेगडी मधेच का मंदावते, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. शेगडी पेटते छान. निखारे लालबुंद होतात, तव्यावर तेल तडतडतं, पहिला घाणा झकास उतरतो. दुसरा वर चढवला की बघता बघता शेगडी मान टाकते. बांगडा एका अंगाने खरपूस, दुसऱ्या अंगाने नुसता उकडलेला. कोळसा संपला म्हणावं तर शेगडी भरलेली. मग पुठ्ठ्याने वारा घालण्याचा कार्यक्रम सुरू होतो. हात चालतो तोवर निखारे लाल, हात थांबला की पुन्हा काळे.

गोव्यात या दुखण्याला हंगाम असतो. एप्रिलात याच शेगडीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताज्या मासळीचे वांधे होतात आणि पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोलंबी) डब्यातून बाहेर निघतात. ती निखाऱ्यावर भाजल्याशिवाय किसमुराला, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीला, चव नाही, आणि घरात गॅसवर भाजली तर वास पडद्यांतून हलायचं नाव घेत नाही. त्यामुळे शेगडी अंगणात येते ती नेमकी तिला सगळ्यात जड जाणाऱ्या दिवसांत.

पुढचं सगळं छोट्या, हाताने उचलता येणाऱ्या शेगड्यांबद्दल आहे: आपली मातीची शेगडी, पत्र्याच्या बादलीला आतून माती लिंपून सळ्या बसवलेली शेगडी, हल्ली काही घरांत दिसणारी थायलंडची बादली-शेगडी, आणि कोणी हौसेने आणलेली जपानी शिचिरिन. देश वेगळे असले तरी पोटातली रचना एकच. खालच्या तोंडातून थंड हवा आत येते, जाळीतून वर चढते, कोळशातून जाते आणि भांड्याच्या बुडाखालून बाहेर पडते. ही वाट कुठेही तुंबली की शेगडी मंदावते. आपण बघतो वरून, आणि बहुतेक वेळा दोष असतो खाली.

आधी निदान

कोळसा उपसण्याआधी तीन गोष्टी करून बघा. जमिनीशी वाकून खालच्या तोंडातून जाळीकडे नजर टाका. भोकांतून किंवा सळ्यांमधून लाल उजेड दिसला पाहिजे. काळोख असेल तर जाळी बुजली आहे.

मग तवा किंवा भांडं दोन्ही हातांनी उचलून थोडा वेळ धरा. तेवढ्यात निखारे उजळले, तर कोळसा ठीक आहे, भांडं चुकीचं बसलं आहे.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी. खालच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घाला. निखारे लगेच फुलले आणि थांबताच मंदावले, तर हवेची वाट अरुंद आहे. वारा घालूनही 'स्स' असा आवाज, वर पांढरी वाफ आणि काळे ते काळेच, तर कोळसा ओला आहे. वरून वारा घालून यातलं काहीच कळत नाही. वरचा थर तात्पुरता चमकतो, राख उडून माशावर बसते आणि खालचं दुखणं तसंच राहतं.

जाळी बुजली असेल तर

पोत्याच्या तळाचा कोळसा हा यातला मोठा अपराधी. वरचे टपोरे तुकडे आधी संपतात, मग शेवटी उरलेली चुरी आणि भुकटी आपण सुपाने शेगडीत ओततो. भुकटी जाळीवर बसते, वर राख साचते आणि दोन्ही मिळून भोकं लिंपून टाकतात. कोळसा वापरण्याआधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून किंवा तारेच्या जाळीतून हलवून घ्या. अर्ध्या सुपारीएवढा किंवा त्याहून बारीक तुकडा खाली पडला तरी हळहळ नको. ती चुरी फेकायची नाही. शेगडी पूर्ण तापली की वरून मूठभर टाकली तर जळून जाते. तळाला घालायची नाही, एवढंच.

करवंटीचा कोळसा वापरणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. हा कोळसा उत्तम: घट्ट, जोरदार आच देणारा, नीट जळालेला असला तर धूर जवळजवळ नाही. पण त्याचे तुकडे पातळ आणि खोलगट. घाईत ओतले की वाडग्यात वाडगा बसावा तसे एकात एक अडकतात आणि हवेला फट राहत नाही. त्यामुळे तळाला लाकडी कोळशाचे चार-पाच मोठे तुकडे उभे-आडवे रचा आणि करवंटीचा कोळसा त्यांच्यावर घाला. निव्वळ करवंटीचाच असेल, तर तुकडे हाताने उभे तिरके लावा. थोडं किचकट काम आहे, पण पेटवण्याआधी एकदाच करायचं असतं.

चालू शेगडीत जाळी मोकळी करायची तर वरून चिमट्याने ढवळू नका. ढवळलं की निखारे फुटतात आणि त्यांची भुकटी पुन्हा जाळीवरच जाते. लांब तार किंवा छत्रीची जुनी काडी घ्या, खालच्या तोंडातून घालून भोकं एकेक टोचा. राख खाली पडू द्या आणि ती पत्र्याच्या तुकड्याने बाहेर ओढा. राखेचा ढीग खालच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत आला की तोंड असून नसल्यासारखं.

पत्र्याच्या बादलीच्या शेगडीतल्या लोखंडी सळ्याही तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या गंजून फुगतात, तापून वाकतात, आणि एका बाजूची फट बंद होऊन दुसरीकडून निखारे खाली गळतात. बारीक सळ्यांपेक्षा थोड्या कमी पण जाड सळ्या टिकतात.

ओला कोळसा

पोतं पावसात भिजलंच नाही, मग कोळसा ओला कसा, असं हमखास विचारलं जातं. कोळसा भिजावा लागत नाही. तो आतून सगळा बारीक छिद्रांचा असतो आणि हवेतलंच पाणी ओढून घेतो. कोरड्या दिवसांत ठीकठाक असलेलं पोतं जुलैत चिऱ्याच्या भिंतीला टेकून जमिनीवर ठेवलं की खालून आणि मागून दोन्हीकडून ओल धरतं. हाताला कोरडा लागतो, त्यामुळे संशय येत नाही.

यातली गंमत अशी, की त्या पाण्याने एकूण उष्णता फारशी खाल्ली जात नाही. चांगल्या कोळशाच्या एका किलोत साधारण २८ ते ३० मेगाज्यूल उष्णता असते. त्यात शंभर-दीडशे ग्रॅम पाणी असलं तरी त्याची वाफ करायला त्यातला अगदी किरकोळ वाटा जातो. मग शेगडी का विझते? कारण हा खर्च सुरुवातीलाच आणि रोख द्यावा लागतो. पाणी निघून जाईपर्यंत तुकडा शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतो, आणि कोळसा फुलायला त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. ती उष्णता द्यायची कोणी? शेजारच्या पेटत्या निखाऱ्याने. छोट्या शेगडीत पेटते निखारे मूठभर आणि ओले तुकडे त्यांच्या दुप्पट असले, की पेटते थंड होतात आणि ओले पेटत नाहीत.

तपासायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडा, नीट जळालेला कोळसा खणखणीत वाजतो. ओला बद्द वाजतो. तुकडा मोडल्यावर आत तपकिरी दिसला तर तो ओला नसून कच्चा आहे, म्हणजे लाकूड पुरतं जळलेलं नाही. तो पेटेल, पण पिवळी ज्योत आणि डोळे झोंबवणारा धूर घेऊन. ओल्याला उपाय आहे, कच्च्याला नाही. कच्चे तुकडे बाजूला काढून फक्त सुरुवातीच्या पेटवणीला वापरा.

आजच संध्याकाळी पाहुणे असतील तर: थोड्या कोरड्या कोळशावर शेगडी पेटवा आणि ओला कोळसा पत्र्याच्या ताटात पसरून शेगडीच्या अंगाला लावून ठेवा, मधून मधून उलटा. पहिल्या घाण्याच्या आचेवर दुसऱ्या घाण्याचा कोळसा सुकतो. ओला तुकडा एकदम भर आगीत टाकू नका. आतली वाफ कोंडून तो तडकतो आणि ठिणग्या उडतात. सुती साडी किंवा लुंगी नेसून शेगडीशी बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

कायमचा उपाय मे महिन्यात असतो. मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी यांचं पुरुमेंत भरतो त्याच उन्हात कोळसाही पसरा. दोन-तीन कडक उन्हं खाल्ली की तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात भरा आणि डबा फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याचा उपयोग नाही, त्यातून हवा आरपार जाते. आदल्या दिवशीचे विझलेले कोळसे त्या डब्यात लगेच टाकू नका. वरून काळा दिसणारा निखारा आतून जिवंत असू शकतो आणि अख्खा डबा पेटू शकतो.

शेवटी उरलेले निखारे पाणी मारून विझवायची सवय तर आजच सोडा. उद्याचा ओला कोळसा आपण आजच तयार करत असतो. जुन्या मडक्यात किंवा जाड डब्यात चिमट्याने निखारे टाका आणि वर झाकण दाबून बसवा. हवा तुटली की आपोआप विझतात. असा एकदा जळून विझलेला कोळसा नव्यापेक्षा लवकर पेटतो. जपानमध्ये यासाठी शेगडीबरोबर झाकणाचं वेगळं मडकंच असतं.

नवा कोळसा कधी टाकायचा

दुसऱ्या घाण्याला शेगडी बसते, त्यामागे बऱ्याचदा हे एवढंच असतं. निखारे लाल असताना आपल्याला वाटतं, भरपूर आच आहे. ते राखाडी होऊन बारीक झाले की आठवण येते आणि मग आपण गार कोळशाचा ढीग वर ओततो. आच तिथेच दबते. पहिला घाणा उलटवता त्याच वेळी, निखारे जोरात असताना, कडेने तीन-चार तुकडे सरकवा. मधोमध नाही, वर नाही, कडेने. ते तापून तयार होईतो मधले काम करत राहतात.

भांडं

शेगडीच्या काठावर तीन उंचवटे असतात ते नक्षीसाठी नसतात. त्यांच्यामुळे भांड्याखाली फट राहते आणि जळालेली हवा बाहेर पडते. वापरून ते झिजतात, किंवा मोठा सपाट लोखंडी तवा आणला की तो काठाला चिकटून बसतो. खालून कितीही हवा दिलीत तरी वर वाट नसेल तर ती आत येणारच नाही. मंगळुरी कौलाचे तीन सारखे तुकडे काठावर ठेवा, बोटाच्या जाडीची फट पुरते. जास्त उचललंत तर आच वाऱ्यावर जाते. फुकटचा उपाय आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी करून बघण्यासारखा हाच.

वारा

किनाऱ्याजवळच्या गावांत दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा जमिनीकडून फिरतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर. त्यामुळे दुपारी नीट लावलेली शेगडी रात्रीच्या जेवणाला उलटी ठरू शकते. खालच्या तोंडातूनच धूर बाहेर येत असेल, तर वारा वरून दाबतोय आणि हवा उलटी वाहते आहे. तोंड वाऱ्याकडे फिरवा, पण अगदी समोर नको, थोडं तिरकं. समोरून थेट वारा घुसला की कोळसा भडाभडा जळून जातो आणि मग पुन्हा तीच बोंब. दोन घरांच्या बोळात वारा घुमतो, तिथे शेगडी न मांडलेली बरी.

पिकनिकला शेगडी थेट समुद्रकिनाऱ्यावर न्यायचा बेत असेल तर तो रद्द करा. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला गोव्यात बंदी आहे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून त्याला दंडही लागू झाला.

शेगडीच ओली असेल तर

कोळसा कोरडा, जाळी मोकळी, तरी पहिला अर्धा तास नुसता रखडतो, असं असेल तर मातीने पाणी प्यायलं आहे. पागोळ्या पडतात तिथे, नळाजवळ, किंवा गोठ्याच्या ओल्या जमिनीवर शेगडी ठेवली की हे होतं. पहिल्या खेपेला थोड्याच निखाऱ्यांवर, भांडं न ठेवता, ती सावकाश तापू द्या. घाईने भर आच दिली तर आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि माती तडकते.

डिचोलीकडची किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मातीची भांडी घेताना हेच ऐकायला मिळतं.

"मामा, आज नेली तर आजच पेटवू ना?"

"पेटव गो बाय, पण आधी ऊन दाखव. आणि पहिल्या दिवशी बांगडे नको, नुसते निखारे."

बारीक तडा गेला तर घाबरायचं कारण नाही. बाहेरून जाड तार आवळून बांधा, तड्यात माती आणि राख कालवून भरा, सावलीत सुकू द्या. तडा जाळीखाली आडवा गेला असेल आणि तिथून हवा घुसत असेल तरच दुरुस्ती निकडीची.

थाई बादली-शेगडीत मातीचं आतलं भांडं आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये उष्णता अडवणारा राखेसारखा थर असतो. बादलीच्या काठावरची लिंपण फुटली की त्यात पाणी शिरतं आणि तो लवकर सुकत नाही. काठ पुन्हा लिंपून घ्या. शिचिरिनचं तर आणखी नाजूक. ती डायटोमाइट नावाच्या अतिशय सच्छिद्र, हलक्या मातीची असते. या मातीसाठी जपानच्या नोतो द्वीपकल्पातलं सुझू प्रसिद्ध आहे, जिथे डोंगरातून अखंड ठोकळे कापून शेगड्या कोरतात. १ जानेवारी २०२४च्या भूकंपाचा फटका याच भागाला बसला. अशा शेगडीला पाणी लावायचंच नाही. धुणं नाही, ओलं फडकं नाही, कोरडा ब्रश फक्त. गोव्याच्या पावसाळ्यात ती पडवीत उघडी ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

धूर

पेटवताना थोडा धूर होणारच. नारळाच्या सोडणाचा सुका काथ्या, वर बारीक कोळसा, आणि त्यावर दोन्ही टोकं कापलेला उंच पत्र्याचा डबा चिमणीसारखा उभा केला की हवा जोरात ओढली जाते आणि धूर लवकर संपतो. तुकड्यांवर पांढरट राखेचा पातळ पापुद्रा दिसला की डबा काढून मासे चढवा. रॉकेल ओतू नका, वास माशात उतरतो.

काजूच्या बियांची टरफलं मात्र शेगडीत कधीच नको. आपल्याकडे ती मुबलक असतात, जळतातही जोरात, म्हणून मोह होतो. त्यातल्या तेलाने कातडीवर फोड येतात आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. त्यावर भाजलेलं खाणं तर दूरच.

भाजताना मधेच धुराचे लोट येत असतील तर ती माशाची चरबी निखाऱ्यावर ठिबकते आहे. बांगडा, तारली तेलकट मासे. निखारे एका बाजूला सारा आणि मासा दुसऱ्या बाजूला ठेवा, किंवा खाली केळीचं पान घाला.

पाऊस आला म्हणून आत आणू नका

पावसाची सर आली की पेटती शेगडी उचलून बंद पडवीत किंवा फ्लॅटच्या काचा लावलेल्या बाल्कनीत आणतात. हे जिवावर बेतू शकतं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू जळताना. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथे घात करतो. मंदावलेली, राखेने झाकलेली शेगडीही तो सोडत राहते, त्यामुळे थंडीवाऱ्यात ऊब म्हणून रात्री खोलीत ठेवणं तर अजिबात नको. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना झोप येणं, असं काही जाणवलं तर माणसं आधी उघड्यावर काढा आणि १०८ला फोन करा.

सर आली तर निखारे मडक्यात झाकून टाका आणि उरलेले मासे गॅसवर तळा. चव थोडी कमी येईल, आली तर येऊ दे. चारी बाजूंनी उघडा मांडव असेल तर त्याखाली चालतं, फक्त वरचं प्लास्टिक पुरेसं उंच हवं.

एवढं करूनही

सगळं तपासून झालं आणि शेगडी तरी बसतेच, तर तिची घडणच चुकलेली असू शकते. जाळीची भोकं मोजा. करंगळी सहज आत जात नसेल तर ती बारीक आहेत. मातीच्या जाळीची भोकं जुन्या कानसीने हलक्या हाताने वाढवता येतात, शेगडी पूर्ण थंड आणि कोरडी असताना. जाळी आणि तळ यांच्यात चार बोटांपेक्षा कमी जागा असेल तर राख दर घाण्याला काढावी लागेल, त्याला इलाज नाही. आणि कोळशाची खोली फार उथळ, म्हणजे एकच थर मावेल अशी असेल, तर ती शेगडी चहा-कॉफीपुरती. तिच्यावर सहा माणसांचे बांगडे भाजायचा हट्ट न करता मोठी आणा.